वाहन परवाना हरवल्यास दुय्यम प्रत कशी मिळवावी

स्वारगेटच्या गर्दीत बसमध्ये चढताना पाकीट मारले गेले असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात चोरीची रीतसर तक्रार द्यावी; परवाना नुसताच गहाळ झाला असेल, तर पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. त्यानंतर परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर महाराष्ट्र निवडून दुय्यम परवान्याचा अर्ज उघडावा.

अर्जात परवाना क्रमांक आणि जन्मतारीख लागते, आणि घोडे अडते ते इथेच, कारण तो क्रमांक पाठ असणारा माणूस विरळाच. पुण्याचा क्रमांक ‘एमएच १२’ने सुरू होतो एवढे सर्वांना ठाऊक असते, पुढचे आकडे मात्र जुन्या झेरॉक्समध्ये किंवा मोबाइलमधल्या फोटोत शोधावे लागतात. परवाना आधीच डिजीलॉकरमध्ये घेतलेला असेल, तर क्रमांक तिथे मिळतोच, शिवाय नवे कार्ड येईपर्यंत वाहतूक पोलिसांना तीच प्रत दाखवता येते.

शुल्क ऑनलाइन भरून पावती उतरवून घ्यावी. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्याची वेळ आलीच, तर बाहेरच्या एजंटाला पैसे मोजण्याचे काही कारण नाही.