लिनक्स अपग्रेडनंतर लॅपटॉपची बॅटरी बसली? या चुका टाळा

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलेल्या माणसाचा निरोप बहुतेक वेळा असाच असतो: ‘अपग्रेड केलं, बॅटरी अर्ध्यावर आली, पंखा थांबत नाही. टीएलपी टाकलं, ऑटो-सीपीयूफ्रीक टाकलं, ग्रबमध्ये दोन पॅरामीटर टाकले, तरी फरक नाही. आता काय टाकू?’

आता काही टाकू नका. जे टाकलंय ते आधी काढा. (टीएलपी आणि ऑटो-सीपीयूफ्रीक हे वीज वाचवणारे प्रोग्राम. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लोड करणारा प्रोग्राम.) उदाहरणं मी उबंटूची देतोय, कारण विचारणारे बहुतेक तेच वापरतात. फेडोरा, डेबियनवाल्यांनाही यातलं नव्वद टक्के तसंच लागू आहे.

पहिल्याच संध्याकाळी निकाल लावणं

अपग्रेड झाल्या झाल्या मशीन बरंच काही मागच्या मागे करत असतं. ग्नोम डेस्कटॉपमध्ये ट्रॅकर, केडीई डेस्कटॉपमध्ये बलू हे प्रोग्राम तुमच्या फायलींची अनुक्रमणिका नव्याने बनवायला घेतात, स्नॅप (उबंटूची अ‍ॅप पॅकेजं) स्वतःला अपडेट करत बसतात. तेव्हा पंखा फिरणारच. टॉप किंवा एचटॉप उघडून कोण सीपीयू खातंय ते बघा, चार्जर लावून रात्रभर मशीन चालू ठेवा आणि मग बोला.

आणि बोलताना आकडा सांगा. ‘लवकर उतरते’ हा आकडा नव्हे. चार्जर काढून पॉवरटॉप चालवलं की लॅपटॉप किती वॅट ओढतोय ते दिसतं. पॉवरटॉप नसेल तर /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/पॉवर_नाऊ ही फाइल वाचा. आकडा मायक्रोवॅटमध्ये असतो, म्हणजे ६५००००० दिसलं तर साडेसहा वॅट. काही लॅपटॉपमध्ये ही फाइल नसते, तिथे करंट_नाऊ आणि व्होल्टेज_नाऊ अशा दोन असतात, त्यांचा गुणाकार करायचा. मी अपग्रेडच्या आदल्या दिवशी हा आकडा वहीत लिहून ठेवतो: ब्राउझर बंद, स्क्रीन अर्ध्या उजेडावर, वायफाय चालू. नंतर भांडायला काहीतरी हातात असतं.

एका सीपीयूवर तीन कारभारी बसवणं

ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की लॅपटॉप हातात घेतल्यावर पहिली हीच तपासतो.

उबंटूच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये आता पॉवर-प्रोफाइल्स-डीमन आधीपासून असतो. वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स दिसतं ते त्याचंच काम. फेडोराने ४१ पासून ती जबाबदारी ट्यून्डकडे दिली. टीएलपी हा वेगळा, जुना आणि चांगला कारभारी. ऑटो-सीपीयूफ्रीक तिसरा. हे सगळे शेवटी त्याच त्या फायलींमध्ये लिहितात: सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारा नियम) कोणता आणि ‘एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स’ (वेग हवा की वीज वाचवायची) काय. एकाने लिहिलं की दुसरा पुसतो. बारा सुगरणी, तरी आमटी अळणी.

गेल्या दिवाळीत भाचा सांगलीहून लॅपटॉप घेऊन आला. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, पण दहा मिनिटं गप्प बसवत नाही. दारातूनच सुरुवात. “मामा, उबंटूने बॅटरीची पार वाट लावली. आणि तो पॉवर मोडचा मेनूपण गायब केला.”

मेनू गायब म्हटल्यावर अर्धं कळलंच. पॉवर-प्रोफाइल्स-डीमन काढला की ग्नोममधला तो मेनू जातो. टीएलपी टाकताना कुठल्याशा लेखात ‘आधी हा काढा’ असं होतं, ते त्याने इमानदारीने केलं होतं. त्यात चूक काहीच नाही. पण मग टीएलपी एकटाच उरला असेल तर बॅटरी का उतरावी?

टीएलपी-स्टॅटला -पी लावून चालवलं. सगळ्या कोअरवर गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’. प्रेफरन्सही ‘परफॉर्मन्स’. चार्जर काढला, तरी तेच. टीएलपी बॅटरीवर गेल्यावर प्रेफरन्स खाली आणतो, मग इथे का आणत नाही? मी हाताने त्या फाइलमध्ये ‘बॅलन्स_पॉवर’ लिहून बघितलं. उत्तर आलं: ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरचा हा नियम आहे. गव्हर्नर परफॉर्मन्सवर असेल तर प्रेफरन्स दुसरं काही लिहूच देत नाही. आणि टीएलपी आपल्या मूळ सेटिंगमध्ये गव्हर्नरला हात लावत नाही. म्हणजे गव्हर्नर तिसराच कोणीतरी बदलत होता.

तो सापडला /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरमध्ये. ही जागा लक्षात ठेवा. घरी बनवलेल्या सर्व्हिस बहुतेक इथेच येऊन पडतात. फायली तारखेप्रमाणे लावल्या की अलीकडचा पाहुणा वरच दिसतो. दिसला. नाव ‘फास्ट-सीपीयू’, आत एकच ओळ, मशीन सुरू होताना सगळ्या कोअरचा गव्हर्नर परफॉर्मन्स करणारी.

“हे काय आहे?”

“ते... अपग्रेडच्या रात्री खूप स्लो चालत होतं ना, म्हणून एका व्हिडिओत बघून...”

अपग्रेडच्या रात्री स्लो चालत होतं, कारण ट्रॅकर त्याच्या तीन सेमिस्टरच्या पीडीएफ चाळत होता. सकाळपर्यंत ते आपोआप थांबलं असतं. त्याने रात्रीच औषध दिलं, औषधाने बॅटरी बसली, बॅटरीसाठी टीएलपी आलं, टीएलपीसाठी पॉवर-प्रोफाइल्स-डीमन गेला, मेनू गेला, आणि या सगळ्याचा दोष उबंटूवर. ती सर्व्हिस बंद करून फाइल उडवली, रीस्टार्ट केलं, वॅट खाली आले. फराळाचं ताट तेवढ्यात आलं, म्हणून व्याख्यान वाचलं त्याचं.

माझी सवय अशी: कारभारी एकच. साध्या वापराला पॉवर-प्रोफाइल्स-डीमन किंवा ट्यून्ड, जो तुमच्या डिस्ट्रोने (उबंटू, फेडोरा वगैरे) दिलाय तो. टीएलपी फक्त तिथे, जिथे प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवायची हौस आहे आणि मालकाने त्याची कॉन्फिग फाइल खरोखर वाचली आहे. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायचं एवढ्यासाठीच टीएलपी हवं असेल तर नकोच. बऱ्याच लॅपटॉपवर बॅट०च्या फोल्डरमध्ये चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड ही फाइल असते, तिच्यात ८० लिहिलं की काम झालं. गिटहबवरून स्क्रिप्टने काही टाकलं असेल तर ते पॅकेज मॅनेजरला माहीत नसतं, अपग्रेड त्याला काढणार नाही, सांभाळणारही नाही. ते तुमचं तुम्हीच शोधायचं.

‘पॉवरसेव्ह’ दिसलं म्हणून घाबरणं

भाच्याच्या त्या व्हिडिओचं मूळ इथे आहे. लोक गव्हर्नर बघतात, तिथे ‘पॉवरसेव्ह’ दिसतं, आणि सीपीयू दाबून ठेवलाय असं वाटून ‘परफॉर्मन्स’ करून मोकळे होतात. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रीक ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे खरंच सगळ्यात खालचा वेग. इंटेल पी-स्टेटमध्ये तसं नाही. तिथे पॉवरसेव्ह म्हणजे काम असेल तसा वेग वरखाली करणारा, नेहमीचा मोड. एएमडीवाल्यांना हा धक्का अपग्रेडनंतरच बसतो, कारण कर्नल ६.५ पासून झेन २ आणि पुढच्या बऱ्याच प्रोसेसरवर एएमडी पी-स्टेटचा अ‍ॅक्टिव्ह मोड आपोआप लागतो. आधी ‘शेडयुटिल’ दिसायचं, आता ‘पॉवरसेव्ह’ दिसतं. बिघडलेलं काही नाही. हात लावू नका.

बॅगेत टाकलेला लॅपटॉप झोपलाय असं धरून चालणं

झाकण मिटलं, लॅपटॉप बॅगेत, बॅग एसटीच्या रॅकवर. तीन तासांनी उघडला तर गरम आणि बॅटरी साफ. मग पहिली प्रतिक्रिया: ग्रबमध्ये मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप टाका. कोणी सांगितलं? कोणीतरी, कधीतरी, वेगळ्याच लॅपटॉपसाठी.

झोपेचे दोन प्रकार आहेत. ‘डीप’मध्ये रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज जाते. ‘एस२आयडल’मध्ये मशीन कागदोपत्री चालूच असतं, फक्त प्रत्येक भागाने स्वतःहून शांत व्हायचं असतं. एसएसडी किंवा वायफाय कार्ड यांतलं एकजरी जागं राहिलं तरी अख्खा सीपीयू खोल झोपेत जात नाही, आणि बॅटरी वाहत राहते. नवीन कर्नलमध्ये एखादा ड्रायव्हर बदलला की नेमकं हेच बिघडतं, म्हणून अपग्रेडनंतर तक्रारी येतात.

आधी /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल बघा. एकच ओळ आहे. ज्या शब्दाभोवती चौकटी कंस तो सध्याचा प्रकार. त्या ओळीत ‘डीप’ हा शब्दच नसेल तर तुमच्या फर्मवेअरमध्ये ती सोय नाही, आणि ग्रबमध्ये काहीही लिहिलं तरी ती येणार नाही. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर ती नसते. तरीही ‘पॅरामीटर टाकल्यापासून फरक पडलाय’ असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटलेत. काही मशीनमध्ये बायोसमध्ये पर्याय असतो. लेनोव्होने २०१८ च्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनला बायोस अपडेटने ‘लिनक्स’ नावाचा झोपेचा पर्याय दिला होता. तेव्हा एकदा बायोसमध्ये डोकावून या.

‘डीप’ ओळीत असेल आणि पॅरामीटर टाकलाच, तर अपडेट-ग्रब चालवा, रीस्टार्ट करा, आणि /प्रॉक/सीएमडीलाइनमध्ये तो खरंच पोचलाय का ते बघा. निम्मे लोक मधली पायरी विसरतात. मग झाकण मिटून थोड्या वेळाने उघडा, जर्नल-सीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, ‘सस्पेंड एंट्री’ शोधा. तिथे कोणत्या प्रकारची झोप घेतली ते लिहिलेलं असतं, आणि ‘सस्पेंड एक्झिट’ किती वाजता झालं तेही. एक्झिट तुम्ही झाकण उघडायच्या आधीच झालेलं दिसलं तर मशीनला कोणीतरी उठवलंय.

उठवणाऱ्यांची यादी /प्रॉक/एसीपीआय/वेकअप मध्ये. बऱ्याचदा यूएसबीवाला, एक्सएचसी, हा दोषी निघतो: बॅगेत वायरलेस माउसचा डोंगल तसाच लावलेला. त्या फाइलमध्ये नाव लिहिलं की तो बंद होतो, पण तेच नाव पुन्हा लिहिलं तर परत चालू होतो. ‘नीट लागू व्हावं’ म्हणून कमांड दोनदा चालवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आणि हे रीस्टार्टनंतर टिकत नाही.

झोप अखंड आहे तरी बॅटरी उतरते, असं असेल तर इंटेलवर /सिस/कर्नल/डीबग/पीएमसी_कोअर मधली एसएलपी_एस०_रेसिडेन्सी_यूसेक ही फाइल झोपेच्या आधी आणि नंतर वाचा. रूटचे, म्हणजे अ‍ॅडमिनचे, अधिकार लागतील. आकडा वाढलाच नाही तर सीपीयू खोल झोपेत गेलाच नाही. त्यापुढे मी एकेक गोष्ट काढून बघतो: आधी डोंगल आणि कार्ड-रीडरमधलं कार्ड, मग वायफाय बंद करून झोप, मग ब्लूटूथ. एका वेळी एकच. कंटाळवाणं आहे, पण तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं झालं तर कशाने झालं हे कळणार नाही आणि पुढच्या अपग्रेडला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाकीच्या, जाता जाता

पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून डोळे मिटून चालवू नका; यूएसबी माउस झोपी जातो आणि दर वेळी पहिला क्लिक गिळला जातो. ते रीस्टार्टला पुसलं जातं हे नशीब.

एसीपीआय=ऑफ हा बॅटरीवरचा उपाय नाही. एसीपीआय ही वीज आणि बॅटरी सांभाळणारी यंत्रणा; ती बंद केली तर बॅटरीचा टक्काही दिसणार नाही. तक्रार मात्र नक्की थांबते.

एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड झोपलंय का हे बघायला एनव्हीडिया-एसएमआय चालवलं तर ते कार्डच जागं होतं. पीसीआय डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमधली रनटाइम_स्टेटस फाइल वाचा, ‘सस्पेंडेड’ हवं. आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असताना ड्रायव्हर नव्याने बसला असेल तर रीस्टार्टला निळा पडदा येतो, ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायला. घाईघाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबणाऱ्यांचा ड्रायव्हर लोडच होत नाही.

अपग्रेड चालू असताना ‘तुमची कॉन्फिग फाइल ठेवू की नवीन आणू’ असं विचारतात, तिथे न वाचता ‘नवीन आणा’ म्हणत सुटू नका. झाकण मिटल्यावर काय करायचं हे तुम्ही लॉगइनडी.कॉन्फमध्ये लिहिलेलं असेल तर ते इथेच उडतं. असे बदल मूळ फाइलमध्ये न करता लॉगइनडी.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये वेगळी फाइल करून ठेवा. बदल लागू करायला लॉगइनडी रीस्टार्ट करण्याआधी उघडं काम सेव्ह करा, सेशन उडू शकतं.

हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या जागेत लिहून मशीन पूर्ण बंद करणं) चालेना? फेडोरा ३३ पासून स्वॅप झेडरॅममध्ये, म्हणजे रॅममध्येच असतो. वीज गेल्यावर रॅममध्ये काही उरत नाही. डिस्कवर स्वॅप लागेल, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल बहुतेक वेळा हायबरनेट करूच देत नाही.

यूपॉवरमध्ये ‘एनर्जी-फुल’ (आता पूर्ण भरल्यावर किती मावते) आणि ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ (नवी असताना किती मावायची) हे दोन आकडे बघा. पहिला दुसऱ्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. ती अपग्रेडच्या आधीही म्हातारीच होती, तुमचं लक्ष आत्ता गेलं. नवी घ्या.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधीची पहिली चाचणी, जी कोणीच करत नाही: ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून जुना कर्नल निवडा. त्यावर वॅट आणि झोप दोन्ही ठीक असतील तर दोष नव्या कर्नलचा. मग तुमच्या सेटिंगमध्ये खुडबुड करण्यात अर्थ नाही. जुन्यावर राहा आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर पुन्हा तपासा. म्हणून अपग्रेड झाल्याबरोबर जागा मोकळी करायला ऑटोरिमूव्ह चालवू नका, त्यात जुने कर्नलही साफ होऊ शकतात.