बोटीच्या इंजिनाचा काटा लालकडे चढला तर

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेवढे दिवस इंजिनही बसून राहतं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी पात्या एका बाजूला दबून तशाच कडक होतात, पाणी आत घेणाऱ्या भोकाला शिंपले धरतात, गाळणीतला चिखल वाळतो. मग ऑगस्टच्या पहिल्या फेरीला तापमानाचा काटा चढतो आणि जेटीवर लगेच हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा तिथवर जायची गरज नसते. दोष पाण्याच्या वाटेवर असतो, आणि काटा केव्हा आणि कसा चढला हे लक्षात ठेवलं असेल तर वाटेवर नेमका कुठे, याचाही अंदाज येतो.

इथे सांगतोय ते बोटीच्या आत बसवलेल्या, दोन पाण्यांवर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाबद्दल. इंजिनात कूलंट (थंड ठेवणारं आतलं पाणी) फिरतं, हीट एक्सचेंजरमध्ये ते आपली उष्णता खाऱ्या पाण्याला देतं, आणि खारं पाणी पुढे एक्झॉस्टमधून धुरासोबत बाहेर पडतं. अशा इंजिनाचा काटा साधारण ७५ ते ९० अंशांत कुठेतरी स्थिरावतो. थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणारी इंजिनं मात्र ६० च्या आसपास चालवतात, कारण त्याच्या वर गेलं की आत मीठ धरायला लागतं. त्यामुळे शेजारच्या बोटीचा आकडा आपल्याला लावू नये.

समुद्रात असाल तर

रेस कमी करा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघा. पाणी नेहमीसारखं पडत असेल, वाफ नसेल आणि काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे असेल, तर इंजिन काही मिनिटं मंद चालू राहू द्या. एकदम बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि गरम जागा आणखी तापतात. पाणी पडत नसेल, वाफ येत असेल, अलार्म वाजत असेल किंवा काटा लालमध्येच असेल, तर थांबू नका, इंजिन बंद करा. खडक जवळ असेल तर त्याआधी नांगर टाका. वाहत चालला असाल तर व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनेल १६ वर कळवा. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहेच.

इंजिन बंद केल्यावर काटा दोन-चार अंश वर जातो. ते नेहमीचंच आहे.

गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. टाकीत अर्धा बार दाब असला तरी पाणी ११० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं. हात टेकेल इतकं गार होऊ द्या. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याची घाई तर अजिबात नको, हेडला तडा जाऊ शकतो.

काटा खरं बोलतोय का

पाना हातात घेण्याआधी याची खात्री करा. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ, रंग असलेल्या जागेवर धरा. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, तेव्हा तिथे काळी टेप चिकटवून मोजा. काटा १०० म्हणतोय आणि टेपवर ८० येतंय, तर भांडण विजेचं आहे, पाण्याचं नाही.

मग इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढा. चावी चालू असताना बहुतेक गेजचा काटा खाली थंडीकडे पडायला हवा. पडला नाही तर वायर कुठेतरी सोलून इंजिनाच्या अंगाला टेकली आहे किंवा गेजच गेलंय. पडला, तर गेज आणि वायर ठीक, संशय सेन्सरवर. रात्री पॅनेलचे दिवे लावले की काटा सरकत असेल तर आधी अर्थिंगचे जोड घासून साफ करा. खाऱ्या हवेत हे फार होतं. सेन्सर नवीन घालताना गेजला जुळणाराच घ्या. सुकाणूजवळ आणि वर, असे दोन गेज असलेल्या बोटीला वेगळा सेन्सर लागतो. साधा घातला तर दोन्ही काटे चुकीचे बोलतात.

उलटंही घडतं. चढलेला काटा अचानक शून्याकडे आला म्हणून कोणी खूश होऊ नये. कूलंट गळून गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खोटा थंडपणा दाखवतो. ही वेळ लाल काट्याहून वाईट.

पाण्याची वाट, बाहेरून आत

काटा झटकन चढला आणि एक्झॉस्टचं पाणी कमी झालं किंवा थांबलं, तर खाऱ्या पाण्याच्या बाजूने सुरुवात करा. आधी बोटीखालचं भोक. जाळ्याचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी, जेलीफिश, काहीही तिथे चिकटतं. कधी बोट थोडी मागे घेतली तरी पिशवी सुटते. तपासायचं असेल तर आतला व्हॉल्व्ह बंद करा, पाईप काढा आणि व्हॉल्व्ह जरासा उघडा: पाणी जोरात आत यायला हवं. लाकडी बूच हाताशी ठेवूनच हे करा, व्हॉल्व्ह जुना असेल तर विशेषच.

पुढे गाळणी. साफ करून झाकण लावताना रबरी रिंग बघा. रिंग चिरली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि बाहेरून सगळं साफ दिसत असताना काटा चढत राहतो. गाळणी ते पंप हा होस जुना असेल तर ओढीने तो चपटाही होतो. इंजिनाची रेस वाढवून त्यावर नजर ठेवा.

आता पंप. सगळ्यात जास्त वेळ याच्यावर द्यावा, कारण सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतो. इंजिन बंद, व्हॉल्व्ह बंद, झाकणाचे स्क्रू काढा, इम्पेलर (रबरी पात्यांचं चाक) बाहेर घ्या. पात्या चिरल्यात का, कडक झाल्यात का, एका बाजूला वाकून बसल्यात का? एखादी पाती तुटलेली असेल तर तुकडा पुढे गेलाय, बहुधा हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी. तो सापडेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका. नवा इम्पेलर बसवूनही काटा न उतरण्याचं हे नेहमीचं कारण. झाकणाच्या आतल्या बाजूला खाच पडली असेल तर पंप जोर धरत नाही. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा द्रव साबण लावा. साधं ग्रीस रबर खातं. पात्या पंपाच्या फिरण्याच्या उलट दिशेने झुकतील अशा बसवा आणि गास्केट नवं टाका. पाणी नसताना रबर काही क्षणांतच जळतं, म्हणून व्हॉल्व्ह उघडून मगच स्टार्टर मारा.

यातच एक धोका आहे, आणि तो फार थोडे लोक सांगतात. इंजिन सुरू न होता वारंवार स्टार्टर मारत राहिलात, तर पंप खारं पाणी सायलेन्सरमध्ये भरत राहतो. धुराचा जोर नसल्याने ते बाहेर जात नाही आणि मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरतं. दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. सुरू होताच लगेच उघडा.

काटा हळूहळू, फक्त जोरात चालवतानाच चढत असेल तर नजर हीट एक्सचेंजर आणि एक्झॉस्टच्या कोपरावर (खारं पाणी धुरात मिसळतं त्या वाकड्या पाईपवर) जाऊ द्या. एक्सचेंजरच्या टोकाची टोपी काढा, बारीक नळ्यांत काय अडकलंय ते बघा, लाकडी काडीने अलगद ढकला. गंज स्वतःवर घेणाऱ्या झिंकचा झिजलेला तुकडा तिथेच पडलेला सापडतो. क्षार बसले असतील तर उत्पादकाने सांगितलेलं डिस्केलर वापरा, बाजारातलं तिखट ॲसिड नको. कोपर मीठ आणि काजळीने आतून अरुंद होतो. तो बदलावा लागतो. टॉर्चने बघून ठरवता येतं.

थर्मामीटरने एक चाचणी लगेच होते. खारं पाणी एक्सचेंजरमधून फार गरम बाहेर पडत असेल तर पाणीच कमी येतंय. ते गार बाहेर पडतंय आणि इंजिन मात्र तापतंय, तर नळ्या क्षाराने बुजल्यात किंवा आतलं कूलंट फिरत नाही.

आतलं पाणी

गार इंजिनावर टाकीत पातळी बघा. पट्टा सैल किंवा तुटलेला असेल तर आतला पंप फिरत नाही. बॅटरीचा दिवा लागला आणि त्याच वेळी काटा चढला तर आधी पट्टाच बघा. कूलंट उत्पादकाने सांगितलेलं, डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं हवं. विहिरीच्या जड पाण्याने आतून क्षार धरतात.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून तापवा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागायला हवा. अडकला असेल तर नवा घाला. तो काढून टाकून इंजिन तसंच चालवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही: इंजिन गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, आणि बायपास असलेल्या काही इंजिनांत तर पाणी एक्सचेंजरला वळसा घालून इंजिन उलट जास्त तापतं.

कूलंट नवीन भरलंय आणि काटा वेडावाकडा नाचतोय, तर आत हवा अडकली आहे. हवा काढायचा स्क्रू मॅन्युअलमध्ये दाखवलेला असतो.

इंजिन ठीक, पण ओझं जास्त, असंही असतं. काळा धूर, पूर्ण रेस येत नाही आणि काटा चढतो: बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलंय किंवा बुडाला शिंपले धरलेत.

एवढं करूनही काटा चढतोय, गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर टाकीत बुडबुडे येत राहतात, ऑईल दुधाळ झालंय किंवा टाकीत ऑईलचा तवंग आहे, तर मग खरंच हेड गास्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय. इथे मेकॅनिक बोलवा, आणि त्याला काटा किती रेसला, किती वेळाने, झटकन की हळू चढला, तेव्हा एक्झॉस्टचं पाणी कसं होतं, आणि तुम्ही काय बदललंत, एवढं लिहून द्या.