आई-बाबा गोळ्या नीट घेत नाहीत? आधी आपल्या या चुका टाळा

बाबांचं बीपी लागोपाठ दोन व्हिजिटला जास्त आलं तेव्हा डॉक्टरांनी आधीच्या गोळ्या तशाच ठेवून वर अजून एक वाढवून दिली आणि आम्ही निश्चिंत झालो. मग एके दिवशी मी नवीन स्ट्रिप आणायच्या म्हणून जुन्या मोजायला बसले, तर जी स्ट्रिप संपून आठवडा व्हायला हवा होता तिच्यात निम्म्या गोळ्या तशाच. मी आधीच मोबाईलवर अलार्म लावून दिला होता, सात खणांचा डबा आणला होता, रोज फोन करून "गोळ्या घेतल्या ना" विचारत होते आणि ते रोज "हो" म्हणत होते. शेवटी शांतपणे विचारलं तर म्हणाले, "अगं ती लघवीची गोळी ना, ज्या दिवशी बाहेर जायचं असतं त्या दिवशी मी घेत नाही, सारखं टॉयलेट कुठे शोधत फिरू?" आणि पुढे म्हणाले, "मला कधी कुणी विचारलंच नाही."

म्हणजे मी वर्षभर विसरण्यावर उपाय करत होते आणि बाबा तर काही विसरतच नव्हते.

हे फक्त आमच्याच घरात नाही हे नंतर वाचताना कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये यावर एक मोठा रिपोर्ट काढला होता, त्यात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी ५० टक्केच असतात, गरीब देशांत तर त्याहून कमी. त्याच रिपोर्टमध्ये पाच प्रकारची कारणं दिली आहेत, पैसा आणि घरची परिस्थिती, दवाखान्याची व्यवस्था, आजार कसा आहे, औषध कसं आहे, आणि सगळ्यात शेवटी पेशंट स्वतः. आपण घरचे मात्र पहिले चार सोडून डायरेक्ट पाचव्यावर येतो.

सगळ्यात मोठी चूक: "ते विसरतात" हे धरूनच चालणं

गोळी राहण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे घ्यायची होती पण राहिली. दुसरा म्हणजे विचार करून घेतली नाही. अलार्म, डबा, फोन हे सगळं फक्त पहिल्या प्रकाराला लागू पडतं, दुसऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट चिडचिड वाढते.

दुसऱ्या प्रकारात माणूस मनात एक तराजू घेऊन बसलेला असतो. एका पारड्यात "मला याची खरंच गरज आहे का" आणि दुसऱ्यात "याने मला काही त्रास तर होणार नाही, सवय तर लागणार नाही, किडनी तर जाणार नाही". रॉबर्ट हॉर्न नावाच्या संशोधकाने १९९९ मध्ये या दोन गोष्टी मोजायची एक प्रश्नावलीच तयार केली आणि त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं की गरज कमी आणि काळजी जास्त वाटत असेल तर गोळ्या सुटतात. बीपी, कोलेस्टेरॉल, सुरुवातीची शुगर यात तर काही दुखतच नाही, म्हणजे गरजेचं पारडं आधीच हलकं, आणि गोळी घेतल्यावर चक्कर आली की दुसरं पारडं लगेच जड. त्यांच्या बाजूने बघितलं तर गोळी सोडणं हा त्यांना शहाणपणाच वाटत असतो.

म्हणून प्रश्न बदला. "घेतल्या का?" याला एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी "एवढ्या गोळ्या म्हटल्यावर एखादी राहतेच, गेल्या आठवड्यात साधारण कितीदा राहिली?" असं विचारा आणि मग "यातली कोणती तुम्हाला अजिबात आवडत नाही?" हा दुसरा प्रश्न तर नक्की विचाराच, माझ्या अनुभवात सगळं खरं या प्रश्नाला बाहेर येतं. आणि उत्तर आलं की रागवायचं नाही. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी पुन्हा "हो घेतली" सुरू.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. खरं कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गोळ्या एकदम हातात देऊन समोर उभं राहू नका. डॉक्टरांनी डोस वाढवलेला असतो तो आधीचा डोस पोटात जातोय असं समजून, त्यामुळे सगळं अचानक नियमित सुरू झालं तर बीपी किंवा शुगर खूप खाली जाऊ शकते आणि या वयात एक पडणं किती महागात जातं ते वेगळं सांगायला नको. आधी डॉक्टरांना खरं काय ते सांगा. आमच्याकडे ते सांगितल्यावर वाढवलेली गोळी बंदच झाली, आणि लघवीच्या गोळीबद्दल डॉक्टर म्हणाले की बाहेर जायचं असेल त्या दिवशी परत आल्यावर दुपारी घ्या, फक्त संध्याकाळी उशिरा नको नाहीतर रात्रभर उठावं लागेल. इतकं सोपं होतं ते.

"वय झालं की असं होतंच" म्हणून त्रास उडवून लावणं

आई म्हणते गोळीने खोकला येतो, आपण म्हणतो हवा बदलली असेल. पण रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना खरंच कोरडा खोकला लागतो आणि त्याला दुसऱ्या गटातला पर्याय असतो. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने काहींचं पोट बिघडतं, तर ती जेवणासोबत घेऊन किंवा औषध हळूहळू सोडणारी गोळी लिहून घेऊन बऱ्याच जणांना बरं पडतं. बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते, तर बसून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. तक्रार केली आणि कुणी ऐकलं नाही की माणूस स्वतःच उपाय करतो, आणि तो उपाय म्हणजे गोळी बंद.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला ती फार शिकवून गेली. सॅमसन नावाच्या अभ्यासात (निकाल २०२० चे) त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले, त्यांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला! आता याचा अर्थ "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असा घेऊन कुणाला ऐकवू नका, त्यांचं दुखणं खरंच होतं, फक्त ते बहुतांशी गोळीतल्या औषधामुळे नव्हतं. आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा निकाल दाखवल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. हुकूम सोडण्यापेक्षा समोर आकडे ठेवले की माणूस ऐकतो.

गोळीचा रंग बदलला आणि कुणी सांगितलंच नाही

आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण वयस्कर माणूस गोळी नावाने नाही ओळखत, "ती छोटी गुलाबी सकाळची" अशी ओळखतो. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली, ती निघाली पांढरी आणि लांबट, की शंका आली, आणि शंका आली की गोळी बाजूला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात (२०१४) दिसलं की रंग बदलला तर गोळी बंद पडण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढते आणि आकार बदलला तर ६६ टक्क्यांनी. उलटंही होतं, जुनी गुलाबी शिल्लक असते आणि नवीन पांढरीही चालू होते, दोन्हीत औषध एकच, म्हणजे डबल डोस. त्यामुळे स्ट्रिप आणली की कंपनीचं नाव नाही तर खाली बारीक लिहिलेलं मूळ औषधाचं नाव जुळवा, जुनी-नवी शेजारी ठेवून दाखवा आणि कशाची गोळी आहे ते मार्करने मोठ्या अक्षरात लिहा.

गोळ्या वाढत जातात, कमी कुणीच करत नाही

हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, आणि प्रत्येकाने आपापल्या चार लिहिल्या. साधारणपणे पाच किंवा जास्त औषधं रोज चालू असतील तर डॉक्टर त्याला पॉलिफार्मसी म्हणतात, आणि दिवसातून जितक्या वेळा घ्यायची तितक्या जास्त राहतात हे अनेकदा दिसलेलं आहे. याची दुसरी बाजू दाखवणारा सिक्युअर नावाचा अभ्यास आहे, २०२२ चा. हार्ट अटॅक येऊन गेलेले जवळपास २५०० लोक, सरासरी वय ७६. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटोरव्हास्टॅटिन ही तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. एकत्र घेणाऱ्यांनी औषध जास्त नियमित घेतलंच, पण पुढचा अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू किंवा तातडीने करावी लागलेली अँजिओप्लास्टी-बायपास यातलं काही ना काही नेहमीच्या गटात १२.७ टक्के लोकांना झालं आणि एका कॅप्सूलच्या गटात ९.५ टक्के. औषध सुटसुटीत झाल्याचा यात मोठा वाटा असावा.

वर्षातून निदान एकदा घरातली सगळी औषधं, म्हणजे मलम, थेंब, व्हिटॅमिन, काढे, दुखण्याच्या गोळ्या सगळंच एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा की यातलं काय बंद होईल, काय एकत्र होईल, काय दिवसातून एकदाच करता येईल. वयस्करांना जपून द्यायच्या औषधांची बीअर्स नावाची एक यादी १९९१ पासून आहे, डॉक्टरांना ती माहीत असते, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या बऱ्याच जुन्या गोळ्या त्यात येतात. आणि दुखण्याची गोळी लपवू नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, मग बिचारी बीपीची गोळी उगाच बदनाम होते. पण यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, प्लीज.

डबा आणला म्हणजे झालं

डबा चांगलाच आहे, पण त्याचं झाकण त्यांच्या बोटांनी उघडतं का हे बघितलंय कुणी? संधिवात असेल तर स्ट्रिपमधून गोळी बाहेर काढणं हीच लढाई असते. एकदा शेजारी बसून त्यांना सगळं स्वतः करू द्या आणि तुम्ही फक्त बघा, काही बोलू नका. इनहेलर, इन्सुलिन पेन, डोळ्यांचे थेंब यात तर हे शंभर टक्के करा, कारण थेंब गालावर पडत असतात आणि आपल्याला वाटतं औषध चालू आहे. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, आणि थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा हलकेच दाबून धरायचा.

काही औषधं डब्यात काढून ठेवायचीच नसतात, उदाहरणार्थ डॅबिगॅट्रान ही रक्त पातळ करणारी कॅप्सूल आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन, या मूळ पॅकिंगमध्येच राहू द्या. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं काही असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी, कुटली की दिवसभराचा डोस एकदम. विचारलं तर बऱ्याचदा पातळ औषध मिळतं. आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, तिचा वार ठरवून मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

राहिली म्हणून दोन, बरं वाटलं म्हणून शून्य

राहिलेली गोळी लक्षात आल्यावर घ्यायची, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यायची, एकदम दोन घ्यायच्या नाहीत, हा झाला साधारण नियम. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी, फिटची, पार्किन्सनची औषधं यांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं, ते आधीच विचारून कागदावर लिहून फ्रिजला लावा, रात्री अकराला कुणाला विचारणार?

अचानक बंद करणं काही बाबतीत फार धोक्याचं आहे. मेटोप्रोलॉलसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर छातीत दुखणं उसळी मारतं, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल ही गुठळी टाळणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, बरेच दिवस चालू असलेली स्टिरॉइड तर हळूहळूच उतरवावी लागते. पैसे वाचवायला गोळी अर्धी करून किंवा एक दिवसाआड घेणारे तर सांगतही नाहीत, लाज वाटते म्हणून. ते आपणच समजून घेऊन डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारायचा.

मन उदास असेल तर

हे शेवटी लिहितेय पण यावर कुणाचं लक्षच जात नाही. जोडीदार गेला, घर रिकामं झालं, "आता कशाला या गोळ्या" असं सहज बोलल्यासारखं बोलतात आणि आपण विषय बदलतो. २००० साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा डिप्रेशन असलेल्या पेशंटमध्ये उपचार नीट न पाळण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली. अशा वेळी गोळ्यांच्या मागे लागण्याआधी त्या उदासीवर उपचार हवेत, आणि असं बोलणं पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि खरंच विसरणं वाढलं असेल, म्हणजे गोळी घेतल्यानंतर अर्ध्या तासाने परत मागत असतील, तर तो अलार्मचा विषय उरत नाही. स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत स्ट्रिप त्यांच्या हाताशी ठेवू नका, त्या त्या वेळची गोळी कुणीतरी हातात द्यायची आणि घेईपर्यंत तिथेच गप्पा मारत बसायचं.