नेत्याच्या पोस्टची पारख कशी करावी?

आधी पोस्टचा प्रकार ओळखा. ती माहिती देते, वचन देते, की कुणाला हिणवते? तिन्हींच्या कसोट्या वेगळ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरची निम्मी भांडणे त्यांची गल्लत केल्यामुळेच होतात.

माहिती असेल तर मूळ कागद गाठा. गोवा आणि कर्नाटकातल्या म्हादई नदीच्या पाणीतंट्याचेच घ्या. 'एक थेंबही वळवू देणार नाही' ही भाषा गोव्यात कुठल्याही पक्षाला शोभून दिसते. पण या तंट्यासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, हेही खरे. निर्धार बोलून दाखवण्यात गैर काही नाही. निवाडा झालाच नाही असे भासवणे गैर. उलट बाजूने 'सगळे १३.४२ टीएमसी पळवले' असे लिहिणाराही सुटत नाही. त्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे, कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवायचे आहे ते ३.९. आकडा खरा आणि अर्थ खोटा, ही लबाडी पकडायला सगळ्यात अवघड. मंत्र्याची पोस्ट असेल तर त्याच विषयावर त्याने विधानसभेत दिलेले लेखी उत्तरही शोधा. सभागृहात एक आणि फेसबुकवर दुसरे असेल, तर पुढे फार खल करायची गरज नाही.

वचनाची परीक्षा काळ घेतो. गोव्यात २०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. फोटो-व्हिडिओ सगळीकडे फिरले. त्याच वर्षी सप्टेंबरात अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतल्या (पक्षांतरबंदी कायद्यातल्या) विलीनीकरणाच्या तरतुदीचा आधार घेता येतो. पण कायद्यातून वाट सापडली म्हणून दिलेला शब्द पाळला असे होत नाही. हे दोन हिशेब वेगळेच ठेवा.

हिणवणारी पोस्ट असेल तर रोख कुणावर आहे ते पाहा. जमिनीच्या रूपांतराला मंजुरी सरकार देते; पोस्टमध्ये राग मात्र बांधकामावर राबणाऱ्या 'भायल्या'वर किंवा 'घाटी'वर, म्हणजे बाहेरून आलेल्यावर, निघतो. सत्तेला प्रश्न विचारणे आणि दुबळ्याला झोडणे यांना एकाच तराजूत घालू नका.

मग पक्षाचे नाव झाकून तीच पोस्ट पुन्हा वाचा. मत बदलले, तर तुम्ही पोस्ट नव्हे, पक्ष तपासत होता.

'ती टीमने टाकली' हा खुलासा माझ्या लेखी कवडीमोलाचा. खाते ज्याचे, शब्द त्याचे.

निवडणुकीत उमेदवाराला आपली सोशल मीडिया खाती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागतात आणि तिथल्या मजकुरालाही आचारसंहिता लागू असते. आक्षेपार्ह पोस्ट दिसली की लिंक, तारीख आणि वेळेसह स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा; ती डिलीट व्हायला वेळ लागत नाही. निवडणूक आयोगाचे तक्रारींसाठीचे सी-व्हिजिल ॲप गॅलरीतले जुने फोटो घेत नाही, म्हणून अशी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.