ब्रिटिश पंतप्रधानांचा इतिहास: यादी पाठ करण्याआधी

एम.ए.ला किंवा नेट-सेटसाठी हा विषय घेतलाय आणि पहिला पंतप्रधान मानल्या जाणाऱ्या वॉलपोलपासून आजपर्यंतची नावं सनावळीसकट घोकायला बसलात? थांबा. त्या यादीनं मलाही महिनोन्‌महिने छळलंय आणि परीक्षेत तिचा फारसा उपयोग होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे पंतप्रधानपद राज्यघटनेत लिहिलेलं आहे, म्हणून ब्रिटनमध्येही ते निर्माण करणारा एखादा कायदा असेल असं आपण गृहीत धरतो. तो शोधू नका, असा कायदाच नाही. 1721 मध्ये वॉलपोल झाला तो ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’, म्हणजे खजिन्याचा प्रमुख. खजिना आणि नेमणुका हातात, राजाची मर्जी पाठीशी आणि कॉमन्समध्ये (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात) बहुमत राखण्याचं कसब, यांतून त्याचा दबदबा तयार झाला. राजदरबारी मानाच्या क्रमात पंतप्रधानाला अधिकृत जागा मिळाली ती थेट 1905 मध्ये, तीही यॉर्कच्या आर्चबिशपच्या मागे. त्याचा पगार कायद्यात आला 1937 मध्ये.

मग बरेच जण सोपा उपाय काढतात: फर्स्ट लॉर्ड म्हणजेच पंतप्रधान. पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या, डाउनिंग स्ट्रीटच्या 10 नंबरच्या दारावर आजही तेच पद कोरलंय, त्यामुळे खात्रीच पटते. मीही असाच तक्ता केला होता. चॅटमला (म्हणजे थोरल्या विल्यम पिटला) तो पहिल्यांदा अडखळला. 1766 ला सरकार त्याचं, पण तो स्वतः लॉर्ड प्रिव्ही सील (राजमुद्रा सांभाळणारा मंत्री) आणि ट्रेझरीवर ड्यूक ऑफ ग्राफ्टन. पुढे सॉल्झबरीनं तर तक्ता मोडूनच टाकला. हा गृहस्थ उमराव सभेत बसून बहुतेक काळ परराष्ट्र खातं सांभाळत पंतप्रधान होता. फर्स्ट लॉर्ड कधी डब्ल्यू. एच. स्मिथ, कधी त्याचाच भाचा बाल्फोर. 10 नंबरमध्येही राहायला बाल्फोरच! तेव्हा प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: हातात कोणतं खातं, आणि कोणत्या सभागृहात. एवढं केलंत की 1963 मध्ये पंतप्रधान झालेल्या डग्लस-ह्यूमनं कॉमन्समध्ये बसण्यासाठी उमरावपद सोडून पोटनिवडणूक का लढवली, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

नोट्स डिक्टेट करणाऱ्या सरांपासून जरा लांबच राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘राजाचे अधिकार हळूहळू कमी झाले’ हे एक वाक्य ते सगळ्या शतकांना लावतात. त्यापेक्षा एकटं 1834 नीट वाचा. राजा चौथ्या विल्यमनं पंतप्रधान मेलबर्नला काढलं आणि पीलला बोलावलं. पील तेव्हा इटलीत, म्हणून तो येईपर्यंत कारभार वेलिंग्टनकडे. नंतरच्या निवडणुकीत पीलच्या जागा वाढल्या, पण बहुमत काही मिळालं नाही. 1835 च्या एप्रिलमध्ये त्यानं राजीनामा दिला आणि राजाला मेलबर्नलाच परत घ्यावं लागलं. त्यानंतर कुठल्याही राजा-राणीनं पंतप्रधानाला बडतर्फ केलेलं नाही. पीएच.डी.च्या मुलाखतीत हा एक प्रसंग तारखांसह सांगता आला, तर चाळीस नावं विसरलात तरी चालतील.

घाबरण्यासारखं खरंच काही नाही. यातली बरीच माणसं तुम्हाला आधीपासून माहीत आहेत, फक्त दुसऱ्या प्रकरणात भेटलेली. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. 1932 चा जातीय निवाडा जाहीर करणारा रॅम्से मॅक्डोनाल्ड. त्यावरूनच पुढे येरवड्यात पुणे करार झाला. आणि सुरुवात कुठून करायची सुचत नसेल, तर 1880 घ्या: डिझरायली निवडणूक हरला, त्यानं पाठवलेल्या लिटननं व्हाइसरॉयपद सोडलं, ग्लॅडस्टननं रिपनला पाठवलं आणि लिटनचा देशी वृत्तपत्रांवरचा कायदा 1882 मध्ये रद्द झाला. त्या काळातली कॉमन्समधली भाषणं हॅन्सार्डमध्ये (संसदेतल्या भाषणांच्या नोंदींत) ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात.