हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी: माहेरच्या जमिनीतील वाट्याचा निर्णय कसा घ्यावा

महाराष्ट्रात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे, आणि तरीही तो वाटा फार थोड्या मुलींच्या हाती राहतो. बहुतेक वेळा तो कोणी हिसकावून नेत नाही. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एका सकाळी बहिणींचे फोटो, अंगठे आणि सह्या घेतल्या जातात आणि वाटा सुटतो. या दस्ताला हक्कसोड पत्र म्हणतात. तो बेकायदेशीर नाही, आणि स्वतःच्या इच्छेने, पूर्ण समजून सही करणाऱ्या बहिणीला कोणी बोल लावण्याचे कारण नाही. पण चांगली बहीण वाटा मागत नाही, हा समज लहानपणापासून मनात रुजवलेला असताना ही इच्छा कितपत आपली असते, हे तपासण्याची वेळ सहीच्या आधीची असते, नंतरची नाही. हे मार्गदर्शन त्या वेळेसाठी आहे.

पुढील माहिती १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्या, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांचे वारसाहक्क वेगळ्या कायद्यांनी ठरतात, अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू होत नाही, आणि गोव्यात तिथल्या नागरी कायद्यानुसार संपत्तीचा निम्मा भाग मुलगा-मुलगी भेद न करता वारसांसाठी राखीव असतो.

आधी आपला हक्क नेमका काय आहे ते समजून घ्यावे

वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता आणि वाडवडिलांकडून आलेली मालमत्ता यांत फरक आहे. स्वकष्टार्जित मालमत्तेवर वडील हयात असेपर्यंत मुलाचाही हक्क नसतो आणि मुलीचाही नसतो. वडील ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांना समान वाटे मिळतात. म्हणजे मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली असतील आणि दहा एकर जमीन असेल, तर प्रत्येकाचा वाटा दोन एकरांचा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र १९५६ च्या कायद्याने मुलीला जन्मतः हक्क दिला नव्हता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ही अटही काढून टाकली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्माने येतो, त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र या कारणाने पुन्हा उघडता येत नाही.

इतका स्पष्ट कायदा असूनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. कायदा आणि सातबारा यांच्यामध्ये कुटुंब उभे असते.

वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून हे सावकाश वाचावे. खातेदार वारल्यावर त्याच्या वारसांची नावे अभिलेखात लागणे याला वारस नोंद म्हणतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज केला जातो. आता अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. वारसाची माहिती तीन महिन्यांत कळवावी अशी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ ची अपेक्षा आहे. चौकशी होऊन गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या प्रक्रियेत बहिणीने हक्क सोडण्याची काहीही गरज नाही. 'वारस नोंदीसाठी सही लागते' असे सांगून हक्कसोड पत्रावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही घेतली जात असेल, तर तिथेच थांबावे.

तेव्हा पहिले काम हे, की स्वतः सातबारा आणि आठ-अचे उतारे काढावेत. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा घरबसल्या मिळतो, आणि 'आपली चावडी' या पानावर गावातील प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा पाहता येतात. उताऱ्यात तीन गोष्टी शोधाव्यात. आपले नाव मुळात आहे का. असल्यास ते भोगवटादारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या मुख्य रकान्यात आहे की 'इतर अधिकार' या रकान्यात. आणि थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा आहे का. भावांची नावे मुख्य रकान्यात आणि बहिणींची इतर अधिकारात, ही पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. कागदावर ती किरकोळ वाटते, पण पीककर्ज, नुकसानभरपाई, भूसंपादनाचा मोबदला या सगळ्या वेळी मुख्य रकान्यातल्या नावालाच विचारले जाते, आणि बहीण आपल्याच वडिलांच्या शेतात दुय्यम ठरते. प्रतिज्ञापत्रात मुलींची नावे गाळून केलेली वारस नोंदही याच जातीची. अशी नोंद दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्यावी, तिची पोच घ्यावी. मुदत उलटली असेल तर प्रमाणित नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क संपला असे होत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकी त्यावरून अंतिमतः ठरत नाही. नोंदणीकृत हक्कसोड पत्राने मात्र हक्क खरोखरच संपतो.

घरातून येणारी कारणे ऐकावीत आणि प्रत्येकाला उत्तर शोधावे

'तुझ्या लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा.' लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. त्या खर्चातले बहुतांश पैसे जेवणावळी, मानपान आणि सासरच्या मागण्यांवर गेले, त्यातला किती भाग मुलीच्या हाती उरला हे शांतपणे मोजून पाहावे. हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्यात दिलेल्या रकमेने कायदेशीर हक्क फिटत नाही. शिवाय भावांचे शिक्षण, दुकानाचे भांडवल, त्यांचीही लग्ने याच घरातून झाली आणि ती कोणी त्यांच्या वाट्यातून वजा केली नाहीत.

'आईवडिलांना आम्ही सांभाळले.' या म्हणण्यात अनेकदा खरेपणा असतो आणि तो मान्य करावा. पण रोजची औषधे, आंघोळ, पथ्याचे जेवण हे काम बहुधा वहिनीने केलेले असते, आणि जमिनीत तिचे नाव लागावे असे तेव्हा कोणी सुचवत नाही. सांभाळण्याची भरपाई करायची असेल तर ती किती, कोणाला आणि कशी, हे उघड बोलून ठरवता येते. त्यासाठी बहिणीचा संपूर्ण वाटा संपवण्याची गरज नसते.

'जमीन परक्या घरात जाईल.' या भीतीवर कायद्यातच तोड आहे. वारशाने आलेला आपला वाटा बहिणीला विकायचा असेल तर १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बाकीच्या वर्ग १ च्या वारसांना (मुलगे, मुली, पत्नी, आई अशा जवळच्या वारसांना) तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि हा अग्रहक्क शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. मूलबाळ नसलेली स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर आईवडिलांकडून वारशाने मिळालेली तिची मालमत्ता पतीकडे न जाता कलम १५ प्रमाणे वडिलांच्या वारसांकडे परत जाते. आणि ज्या घराला मुलीचे सासर परके वाटते, त्याच घरातल्या सुनेने आपल्या माहेरी अशीच सही केलेली असते. एक गाव आपल्या लेकींना रिकाम्या हाताने पाठवते आणि दुसऱ्या गावाच्या लेकींना रिकाम्या हाताने घेते. माहेरी ती लेक म्हणून वगळली जाते आणि सासरी जमीन नवऱ्याच्या नावावर असते. नवरा वारला, त्याने टाकले किंवा तो कर्जात बुडाला, की या व्यवस्थेत तिच्याजवळ काय उरते हे दिसते. माझ्या मते हक्कसोडीचा विचार करताना याच एका गोष्टीला सर्वाधिक वजन द्यावे.

उरते ते सर्वांत अवघड कारण: 'माहेर तुटेल.' याला कायद्यात उत्तर नाही. दिवाळीची भाऊबीज, बाळंतपण, सासरी काही बिनसले तर परतण्याची जागा, हे सगळे भावावर अवलंबून असल्याची भावना खरी आहे, आणि त्यापोटी वाटा सोडणाऱ्या बहिणीला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. तरी स्वतःला एवढे विचारावे, की वाटा ठेवला तर तुटणारे नाते वाटा सोडल्यावर अडचणीच्या दिवशी टिकेल याची खात्री कोणी देत आहे का, आणि हा प्रश्न भावाला कधी का विचारला जात नाही. नाते टिकवण्याची किंमत एकट्या बहिणीनेच मोजावी, ही वाटणी वडिलांनी केलेली नसते, ती समाजाने केलेली असते.

सही आणि भांडण यांच्या मधले मार्ग

बहुतेक घरांत दोनच पर्याय बोलले जातात: सही कर, नाहीतर कोर्टात जा. प्रत्यक्षात मधे बरेच काही आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काहीही न सोडणे आणि काहीही न तोडणे. नाव सामाईकात भोगवटादार म्हणून लावून घ्यायचे आणि जमीन भावाने कसत राहायची. वाटा लहान असेल तर स्वतंत्र गट पाडताना जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्याची अडचण येऊ शकते, सामाईक नावाला ती येत नाही. या मार्गाचा आणखी एक फायदा अनेकींना उशिरा कळतो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला सामान्यतः शेतकरी असावे लागते, आणि जिचे नाव अन्यत्र कुठल्याच सातबाऱ्यावर नाही तिला शेतकरी असल्याचा पुरावा माहेरच्या उताऱ्यानेच मिळतो. हक्क सोडला की तो पुरावाही जातो.

भावाला जमीन अखंड हवी असेल तर मोबदला घेऊन हक्क सोडता येतो. रक्कम दस्तात लिहावी आणि ती सहीच्या आधी बँकेतून यावी. शेत सोडून घरातला भाग किंवा बिगरशेती प्लॉट घेता येतो. २००५ पूर्वी १९५६ च्या कायद्याच्या कलम २३ मुळे राहत्या घराची वाटणी मागायला मुलींना भावांनी आधी वाटणी करण्याची वाट पाहावी लागे. ते कलम आता राहिलेले नाही. आईच्या नावे हक्क सोडण्याचाही विचार करावा, विशेषतः म्हातारपणी तिचा आधार काय असा प्रश्न असेल तर. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, त्याला दावा लागत नाही.

बोलणी करताना एकटीने जाऊ नये, आणि अंत्यविधीच्या दिवसांत तर मुळीच होकार देऊ नये. 'दिवस होऊ देत, मग बघू' हे वाक्य पुरेसे आहे. सगळ्या बहिणींनी आधी आपसांत ठरवावे, कारण एकीची सही झाली की तीच दुसरीवर दडपण आणण्यासाठी पुढे केली जाते.

सही करायचेच ठरवले असेल तर

मसुदा आठवडाभर आधी मागावा आणि भावाच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, आपल्या वाट्याचा उल्लेख आणि हक्क कोणाच्या लाभात सोडला जातो ही चारही गोष्टी स्पष्ट असाव्यात. 'सर्व स्थावर-जंगम मालमत्तेतील' असे मोघम शब्द असतील तर ते काढायला लावावेत, नाहीतर एका शेताबरोबर घर आणि गावठाणातली जागाही जाते. कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर दस्त आपल्याला कबूल आहे का असे विचारले जाते. तो केवळ उपचार नाही, तिथवर येऊनही नाही म्हणण्याचा अधिकार शाबूत असतो. नोंदणी झाल्यावर दस्ताची आणि सूची क्रमांक २ ची (नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाची, इंडेक्स टूची) प्रत स्वतःकडे ठेवावी.

सही आधीच होऊन गेली असेल तर

नोंदणीकृत हक्कसोड पत्र मन बदलले म्हणून एकतर्फी रद्द करता येत नाही. फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबाव सिद्ध झाला तर दिवाणी न्यायालय ते रद्द करू शकते, मात्र ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. म्हणून पहिल्यांदा दस्ताची प्रमाणित नकल काढावी आणि त्यात खरोखर काय लिहिले आहे ते पाहावे. अनेकदा असे आढळते की सही एकाच गटापुरती होती आणि बाकीच्या जमिनीतील वाटा तसाच आहे, किंवा जो कागद हक्कसोड म्हणून दाखवला जातो तो नोंदवलेलाच नाही. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीशिवाय परिणामकारक होत नाही, त्यामुळे साध्या मुद्रांकावरच्या नोटरी केलेल्या कागदाने घाबरून जाऊ नये.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफाराची नकल, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि आपले नाते दाखवणारा एखादा कागद, उदाहरणार्थ शाळा सोडल्याचा दाखला, सोबत न्यावा.