तंबाखूच्या पानात पेशींची कामवाटणी कशी बघावी

निपाणी-चिकोडी भागात तंबाखूच्या रानात काम केलं की हाताला चिकटा लागतोच. तो कोण बनवतं, हे बघायला शाळेतलं साधं सूक्ष्मदर्शक पुरतं. पाठ्यपुस्तकातल्या कांद्याच्या पापुद्र्यात बहुतेक पेशी एकसारख्याच, त्यामुळे कामवाटणी कळत नाही. तंबाखूचं पान बरं.

आधी हातमोजे घाला. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळतं, गरगरतं. दव असताना पान तोडू नका. पोरांना तोडायला, सोलायला लावू नका. काच तयार करून मग बघायला बोलवा.

१. कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेवरचा लवेसकट पातळ पापुद्रा नव्या ब्लेडने सोला. काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवून वरची काच तिरकी टेकवत सोडा, बुडबुडे राहत नाहीत.

२. आधी १० पटीच्या भिंगातून बघा. एकेक केस म्हणजे एकावर एक रचलेल्या लांबट पेशींचा दांडा आणि टोकाला बोंड. चिकटा बोंडातल्या पेशी बनवतात. दांड्याच्या पेशी त्यांना उंच धरतात. मावा ही बारीक कीड त्या चिकट्यातच अडकते.

३. आता ४० पटीचं भिंग लावा, उजेड कमी करा आणि दांड्याच्या एकाच पेशीवर नजर ठेवा. घाई नको. बारीक कण धाग्यांवरून सरकताना दिसतात: पेशीद्रव वाहतंय. गोल ठिपका केंद्रक, मधली मोठी नितळ जागा रिक्तिका. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मात्र या यंत्राने दिसायच्या नाहीत.

४. पान तिरकं फाडून खालच्या बाजूचा पापुद्रा घ्या. पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, दोन रक्षकपेशींत हिरवे कण ठळक, शेजारच्या पेशी जवळजवळ नितळ. रक्षकपेशी पाणी घेऊन फुगल्या की रंध्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं.

निकोटीन मात्र पान बनवत नाही. ते मुळांत तयार होतं, पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांच्या पेशींत, रिक्तिकेत साठतं. १९४० च्या दशकात तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम केलं, तर टोमॅटोच्या पानांत निकोटीन आलं. उलट कलमात तंबाखूची पानं जवळपास कोरी राहिली. आपल्याकडे शेंडा खुडतात, तेव्हा घाव वर होतो आणि मुळं खाली जास्त निकोटीन बनवू लागतात. खुडलेल्या झाडाचा माल कडक होतो तो त्यामुळेही. हा फरक काचेखाली शोधू नका. विरघळलेलं निकोटीन रंगहीन असतं.